पाटीवरची शर्यत

२ फेब्रुवारी, रविवार

आज अड्ड्यावर भांडण झालं आणि ते मी उकरून काढलं. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे सारवासारव करायचा मोह होणार नाही.

अड्डा म्हणजे टायरच्या दुकानावरची ती लांबट खोली. भिंतीला टीव्ही, टीव्हीखाली कन्सोल, समोर बूड टेकायला फाटक्या खुर्च्या, आणि खालून सतत येणारा रबराचा वास. दरवर्षी या दिवसांत तिथं गाड्यांच्या शर्यतीच्या गेमची स्पर्धा असते. जोडीजोडीनं खेळायचं. मी आणि माझी धाकटी बहीण कित्येक वर्षं एकत्र खेळलो. गेल्या वर्षी नाही खेळलो. यंदा खेळायचं असं मी मनात धरून चालले होते.

अड्ड्याच्या मालकांनी नियम वाचून दाखवले आणि दंतवैद्यांनी हात वर केला. हे गृहस्थ दातांचे डॉक्टर आहेत, खेळतात बरे, पण बोलतात फार हळू, तोंडात हात घालायच्या आधी बोलावं तसं. म्हणाले, "हल्ली हाच गेम लोक टॅबलेटवरही खेळतात. टीव्हीवरची गाडी आणि टॅबलेटवरची गाडी एकाच शर्यतीत धावतात. मग टॅबलेटवाल्यांना घ्यायला काय हरकत आहे?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं, कारण तिथं सगळ्यात जुनी मी. मी म्हणाले, हरकत अशी आहे की टॅबलेट हे खेळायचं यंत्रच नाही. ते बिल भरायचं आणि आत्याच्या नातवाचे फोटो बघायचं यंत्र आहे. बोटाखाली बटण दबत नाही, गाडी आपटली तर हाताला हादरा बसत नाही. काचेवर बोटं फिरवणं म्हणजे खिडकी पुसणं.

लोक हसले. मला बरं वाटलं. मग दिसलं की दाराजवळच्या खुर्चीत धाकटी बसली आहे आणि ती हसत नाहीये. तिच्या मांडीवर टॅबलेट होता.

प्रश्न तिचाच होता. तिनं दंतवैद्यांना विचारायला लावलं होतं. आता हे मला आधी सांगायला काय झालं होतं? एका घरात राहतो, एका टेबलावर जेवतो. पण नाही. दातांच्या डॉक्टरांना सांगायचं, बहिणीला नाही.

निघताना तिच्या जॅकेटची झिप मी लावून दिली. तिला फार वेळ लागतो आणि मागे माणसं खोळंबतात. ती खांबासारखी उभी राहिली. घरापर्यंत एक शब्द नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

अजून नीट बोलत नाही. मीठ दे, दार लाव, एवढंच.

खेळात ती माझ्यापेक्षा सरस होती, हे मी कधी नाकारलेलं नाही. ती पुढची गाडी, मी मागची. माझं काम एवढंच की मागून कुणी चढायला लागलं की त्याला आडवं जायचं. मला ते काम आवडायचं. पुढे तिची गाडी निघून जाताना दिसायची आणि मागे मी सगळ्यांना डांबून ठेवायचे.

गेल्या वर्षी बेकरीत पीठ लाटायच्या मशीनमध्ये तिचा उजवा हात गेला. हात वाचला, पण तीन बोटं वळत नाहीत. आता ती काउंटरवर बसते आणि दुसऱ्यांनी भाजलेले ब्रेड विकते. डॉक्टर म्हणतात, जेवढं सुधारायचं तेवढं सुधारलं. डॉक्टरांना काय, ते दर आठवड्याला नवीन काहीतरी म्हणतात.

मी एक खास कंट्रोलर मागवला आहे. अशा हातांसाठीच बनवलेला. तिला सांगितलेलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

कंट्रोलर आला. मोठा पाटच्या पाट, वर पेढ्याएवढी बटणं, खाली पायानं दाबायचं पेडल. दुपारभर खपून मी तो टीव्हीला जोडला. धाकटीनं शांतपणे करून पाहिला. पाऊण शर्यत झाली आणि तिनं पेडलवरून पाय काढला.

"ताई, छान आहे गं. पण मला नकोय."

"का? थोडी सवय झाली की पूर्वीसारखं खेळशील."

"पूर्वीसारखं खेळायचंच नाहीये मला. खेळायचंय."

मी विचारलं, यात फरक काय. तिनं उत्तर द्यायच्या ऐवजी टॅबलेट आणून टेबलावर सपाट ठेवला. त्यात म्हणे पडद्यावरची बटणं हवी तिथं सरकवता येतात. हवी तेवढी मोठी करता येतात. वेग तिनं उजव्या तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाखाली ठेवला होता, वळणं आणि ब्रेक डाव्या हाताकडे. "कंट्रोलरवाल्यांनी एक हात ठरवलाय आणि सगळ्या जगानं आपला हात त्याच्यात बसवायचा. इथं बटणं माझ्या हातापाशी येतात."

"पण रस्ता जाणवतो का त्यात? खड्डा आला तर कळतं का हाताला?"

"या तीन बोटांना तसंही काही जाणवत नाही."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासली. ती आधीच घासलेली होती हे नंतर लक्षात आलं.

आईला दोन्ही सारखंच. टॅबलेटला ती पाटी म्हणते. "टीव्हीवर गाडी पळवली काय आणि पाटीवर पळवली काय, पेट्रोल कुणाचंच जळत नाही. जेवायला बसा." धाकटीच्या ताटातल्या ब्रेडचे तुकडे मी करून ठेवले होते. ती न जेवता उठली. आता ब्रेडनं हिचं काय घोडं मारलं?

१० फेब्रुवारी, सोमवार

मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानात एका गृहस्थाची डावी काच उजव्या मापानं घासली. लेन्स वाया. मालकीणबाई म्हणाल्या, तुमचं लक्ष कुठंय. मागच्या खोलीत एक मशीन, एक खिडकी आणि मी. लक्ष जाणार कुठं?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अड्ड्याच्या मालकांनी तोडगा काढला आहे. रविवारी चाचणी घ्यायची. एक जण टॅबलेटवर, एक कन्सोलवर, तीन शर्यती. बरोबरीचा खेळ होतोय असं दिसलं तर टॅबलेटला परवानगी. नाही झाला तर विषय बंद.

टॅबलेटवर कोण, हे उघडच होतं. कन्सोलवर कोण, असं मी विचारलं.

"तुम्हीच," मालक म्हणाले. "विरोध तुमचा आहे."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात पलीकडून धाकटी म्हणाली, "चालेल मला."

त्यात आज दुपारी दंतवैद्य दुकानात आले. नवीन चष्मा हवा म्हणे. शहरात चष्म्याची दुसरी दुकानं नाहीत जशी. फ्रेम निवडता निवडता आपल्या त्या हळू आवाजात विचारतात, "तुम्हाला राग नक्की टॅबलेटचाच आलाय ना?"

मी म्हणाले, "समोर बघा. शेवटची ओळ दिसते का?"

"नाही दिसत."

"मग नंबर वाढलाय तुमचा."

लोकांना दुसऱ्याच्या घरात डोकवायची एवढी हौस का असते? मी आजवर कधी कुणाच्या दाढेविषयी मत दिलेलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

सगळं नीट पार पडलं होतं. तरीही आज घरात सुतक असल्यासारखी शांतता आहे, आणि दोष माझा.

पहिली शर्यत मी जिंकले. मला वाटलं होतं त्यापेक्षा फार अवघड गेली. दुसरी तिनं जिंकली, आणि चांगली जिंकली. टेबलावर टॅबलेट, त्यावर ती वाकलेली, ओठ घट्ट मिटलेले. पूर्वी अशीच बसायची. तिसऱ्या शर्यतीत शेवटी कुंपणाच्या वळणावर मी पुढे होते आणि ती आतल्या बाजूनं चढत होती. मी तिच्याकडे पाहायला नको होतं. पण पाहिलं. तिचा तळहात काचेवरून सटकला आणि तिनं मनगट झटकलं. दुखतं तेव्हा झटकते तसं.

मी वेगाचं बटण सोडलं. क्षणभरच. ती गेली पुढे.

टाळ्या पडल्या. मालक म्हणाले, टॅबलेटला परवानगी. दंतवैद्यांनी नवीन चष्मा पुसला. मी धाकटीला मिठी मारली आणि खरंच मला आनंद झाला होता, हे इथं शपथेवर लिहिते. यंदा आम्ही पुन्हा जोडीनं खेळणार, ती पाटीवर का होईना, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

जिन्यात ती थांबली.

"शेवटच्या वळणावर आडवी का नाही आलीस?"

"नाही जमलं."

"तुला नाही जमलं? आयुष्यभर दुसरं काय केलंयस तू?"

मी म्हणाले, "जिंकलीस ना, मग झालं तर."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर परवडलं असतं. ती म्हणाली, "बेकरीत मला ट्रे उचलू देत नाहीत. आई भाजी चिरू देत नाही. तू झिप लावतेस, ब्रेड तोडून ठेवतेस. मी कुणाला काही म्हटलं नाही. एवढी एकच जागा राहिली होती, ताई. तिथं मला कुणी सांभाळून घेत नव्हतं."

"मी तुझ्या भल्यासाठीच..."

"खिडकी पुसणं म्हणालीस ते चाललं मला. झोंबलं, पण चाललं. तेव्हा तू मला सूट दिलेली नव्हतीस."

आणि खाली उतरून गेली.

आता मी करावं तरी काय? विरोध केला तर वाईट. जिंकू दिलं तर त्याहून वाईट. या मुलीला नेमकं हवंय काय, ते एकदा कागदावर लिहून द्यावं तिनं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दुकानात अड्ड्याच्या मालकांचा फोन. "तुमच्या घरात काय चाललंय? तुमची बहीण आली होती. रविवारचा निकाल रद्द करा म्हणतेय. आतापर्यंत हरलेले यायचे तक्रार घेऊन, जिंकलेलं माणूस पहिल्यांदा बघतोय."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? येत्या रविवारी पुन्हा चाचणी. आणि बाई, या वेळी एकदाच काय ते खेळा. मला स्पर्धा भरवायची आहे."

म्हणजे चारचौघांत माझी शोभा झाली. मी मुद्दाम हरले, हे आता सगळ्या अड्ड्याला माहीत.

संध्याकाळी आईकडे गाऱ्हाणं घेऊन गेले. आई माझी बाजू घेईल असं वाटलं होतं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"काल तिनं कांदा चिरायला मागितला," आई म्हणाली. "मी दिला."

"दिलास? सुरी?"

"कांदा काय चमच्यानं चिरतात? किती वेळ लागला म्हणून सांगू. वेडेवाकडे तुकडे. मला बघवेना, म्हणून मी बाहेर जाऊन उभी राहिले. शेजारणीनं विचारलं, कुणाची वाट बघताय. म्हटलं, कांद्याची."

"आणि मग?"

"मग काय? खाल्लास की तू रात्री. काही बोलली नाहीस."

मला खरंच काही कळलं नव्हतं. दातांत एक जाड तुकडा आला होता, तेवढं आठवतंय. आईचं म्हणणं काय होतं, तेही नीट कळलं नाही. माझं गाऱ्हाणं बाजूलाच राहिलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दुकानात एक टॅबलेट आहे, गिऱ्हाइकांच्या वेळा नोंदवायला. जेवणाच्या सुट्टीत मालकीणबाई बाहेर गेल्यावर त्यावर गेम उतरवून घेतला. शत्रूचं यंत्र एकदा आतून बघावं म्हणून.

गाडी सरळ जाईना. अंगठा ठेवला की अंगठ्याखालीच रस्ता झाकला जातो. बटण दाबलं गेलं की नाही हे कळायला डोळे खाली न्यावे लागतात, आणि डोळे खाली नेले की कुंपण. घामानं बोट चिकटतं. मी, दहा बोटं धडधाकट असलेली बाई, नवशिक्यांच्या रस्त्यावर शेवटून पहिली आले. पुन्हा खेळले. पुन्हा तेच.

मी समजत होते की हे सोपं आहे, म्हणून खोटं आहे. हे सोपं नाही. वैतागून मी ते मिटून ठेवलं आणि मग डोक्यात आलं की रविवारी ती ज्या सफाईनं वळणं घेत होती, ती एका-दोन आठवड्यांत येणं शक्य नाही. किती महिने करत असेल हे? कधी? पहाटे स्वयंपाकघरातून टकटक येते ती मी पाण्याच्या पाइपची समजत होते. प्लंबरला दोनदा बोलावलं होतं. त्यानं सांगितलं होतं, पाइप ठीक आहे. मी त्याच्यावरच उखडले होते.

मालकीणबाई आल्या तेव्हा टॅबलेट तापला होता. त्या म्हणाल्या, एवढ्या वेळा कुणी नोंदवल्या?

२३ फेब्रुवारी, रविवार

पहिली शर्यत तिची. मी पूर्ण जोर लावला होता तरी तिची. हे ऐकून कुणाला खरं वाटणार नाही, म्हणून मी आरडाओरडा केला नाही, पण मनातून हादरले. दुसरी माझी, जेमतेम.

तिसरी सुरू झाली. खाली दुकानात टायरमध्ये हवा भरत होते, त्याचा तेवढा आवाज. आम्ही दोघी लागून बसलो होतो, तिचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. शेवटच्या फेरीत ती माझ्या अगदी मागे. कुंपणाचं वळण आलं आणि ती आतून घुसली. आणि या वेळी तिच्याकडे बघायची गरजच पडली नाही, तिचा श्वास अडकलेला ऐकू आला. हात दुखला होता.

मी गाडी आडवी घातली.

तिची गाडी कुंपणात. मी रेषेपार.

टाळी एकही नाही. सगळे माझ्याकडे असे बघत होते, जणू मी तिला जिन्यावरून ढकललं. दंतवैद्यांनी चष्मा काढून हातात घेतला. मला स्वतःलाही कसंतरीच झालं. वाटलं, केलंस काय हे तू.

धाकटीनं एक शिवी दिली. ती इथं लिहीत नाही, आई कधीकधी ही वही उघडी सापडली की वाचते. मग ती खुर्चीवर उखडली, खुर्ची हलते म्हणे. मग वायफायवर. मग खिडकीवर, ऊन नेमकं पाटीवर येतं म्हणून. सगळं संपल्यावर माझ्याकडे वळली. गाल लाल, केस कपाळाला चिकटलेले.

"वळणाच्या आधी तू उगाच ब्रेक मारतेस. नेहमी मारतेस. सवय आहे तुझी. पुढच्या वेळी तिथंच धरते तुला."

"मी ब्रेक मारत नाही."

"मारतेस. मी इतकी वर्षं तुझ्या पुढे होते, आरशात बघत होते."

मी म्हणाले, आरशात उलटं दिसतं. ती म्हणाली, ब्रेक उलटा कसा दिसेल. मालकांनी मध्ये हात घातला. "तुमचं चालू द्या, पण मला एक सांगा. टॅबलेट चालणार की नाही? हरली ना ती."

"न चालायला काय झालं?" मी म्हणाले. "हिला अडवताना माझा घाम निघाला. टीव्हीवर खेळणाऱ्या तुमच्या निम्म्या लोकांना मी चहा पीत पीत अडवते."

यावरून निम्मे लोक नाराज झाले. होऊ देत.

घरी येताना धाकटी सबंध रस्ताभर बोलत होती. वळण, वेग, खुर्ची, वायफाय, माझा ब्रेक. माझं डोकं उठलं. आईनं दार उघडून विचारलं, कोण जिंकलं? धाकटी म्हणाली, "ताई. पण ती ब्रेक मारते." आईनं तिला आत घेतलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. काय अर्थ होता त्याचा कोण जाणे.

२ मार्च, रविवार

नावं द्यायचा दिवस. सकाळीच गेले. मालकांना म्हणाले, लिहा, मी आणि धाकटी. ती पुढची गाडी, मी मागची. ती टॅबलेटवर.

मालकांनी कान खाजवला. "तिचं नाव आलंय आधीच. काल दिलं तिनं."

"बरं मग, माझं तिच्यापुढे लिहा."

"तिच्यापुढे दंतवैद्य आहेत."

मी तशीच बेकरीत गेले. काउंटरसमोर रांग होती. माझा नंबर येईपर्यंत मी सगळं बोलणं जुळवून ठेवलं होतं. किती वर्षांची जोडी, हातासाठी मागवलेला कंट्रोलर, त्या अड्ड्यावर झालेली माझी शोभा. माझ्या पुढच्या म्हाताऱ्या बाईला तिनं ब्रेड दिला, डाव्या हातानं पिशवी उघडली, उजव्या तळहातानं दाबून धरली. जरा वेळ लागला. बाई थांबल्या.

"दंतवैद्य?" मी म्हणाले. "ते गृहस्थ विचार करून वळण घेतात. वळण संपल्यावर घेतात."

"शिकवीन त्यांना."

"आणि मी?"

तिला खरंच आश्चर्य वाटलं. "ताई, मला तुला हरवायचंय. तुझ्याच जोडीला बसून तुला कसं हरवू?"

मागून कुणीतरी म्हणालं, बाई, घ्यायचा असेल तर घ्या ब्रेड. मी घेतला. गरज नव्हती, घरात होता.

म्हणजे हिशेब असा झाला. महिनाभर मी रुसवे झेलले, लोकांची बोलणी खाल्ली, एक लेन्स वाया घालवली, प्लंबरची माफी मागायची आहे ती वेगळीच, आणि हे सगळं करून माझी जोडी गेली ती गेलीच. आता ती पहाटे उठून मला कुठं धरायचं त्याचा सराव करणार आणि मी पलीकडच्या खोलीत झोपून ते ऐकणार.

दुपारी पुन्हा मालकांकडे गेले. विचारलं, एकटं कुणी उरलंय का.

"दोघंतिघं आहेत. पण टॅबलेटवाले आहेत. तुम्हाला चालतील?"

मी म्हणाले, कशावर का खेळेना, मला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. कुंपणाच्या वळणावर धाकटीला अडवता येतं का, तेवढं विचारून ठेवा.